भिंतीवरचे पाय

विकून मोकळं व्हायचं, हे ठरवूनच आत्या त्या सकाळी कारखान्यात आली होती.

गाडीतून उतरता उतरता आतोबांनी पुन्हा एकदा बजावलं, "आता माहेरचा पुळका नको. सही करायची, चहा प्यायचा आणि निघायचं."

"किती वेळा सांगाल?" आत्या म्हणाली. "मी नाही म्हटलंय का?"

तिने खरंच नाही म्हटलं नव्हतं. वडील गेल्यापासून बुटांचा हा कारखाना तिघा भावंडांच्या नावावर होता: दादा, आत्या आणि धाकटा. तिघांपैकी दोघांच्या सह्या झाल्या की तो विकला जाणार होता. घेणाऱ्या मोठ्या कंपनीला हवं होतं ते वडिलांनी मोठं केलेलं नाव आणि गावोगावची दुकानं. कारखान्याला ती कुलूप घालणार, हे कुणी तोंडाने बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. बंदरावर उतरणाऱ्या स्वस्त बुटांनी गेली काही वर्षं नाकी नऊ आणले होते. घाऊक विक्री सांभाळून आतोबा थकले होते, आणि दोन भावांच्या भांडणात दर वेळी मधे पडून पडून आत्याही.

नमुन्यांच्या खोलीकडे जाणारा जिना चढताना तिने कठडा घट्ट धरला. डाव्या पायाच्या करंगळीवरचं कुरूप ठणकत होतं. ते दुखणं जुनंच. लहानपणी बाबा तिच्या पायांकडे बघून हसायचे, "ही माझी बदक. हिला बूट नाही, होडीच करायला हवी." बूटवाल्याची लेक आणि बापाच्या बुटात पाय मावत नाही! पुढे ती गुपचूप एक नंबर मोठा बूट घ्यायला लागली आणि टोकाशी उरलेल्या जागेत कापसाचा बोळा कोंबायला लागली. चारचौघांत तिने कधी बूट काढला नाही. कापसाचं तर आतोबांनाही माहीत नव्हतं.

खोलीतले पडदे ओढलेले होते. चामड्याचा आणि सरसाचा वास होता. भिंतीलगतच्या मांडण्यांवर आजवरचे सगळे नमुने ओळीने लावलेले, आणि एकच भिंत मोकळी, पांढरी. दादा खुर्चीत ताठ बसला होता. शेजारी वहिनी, तिच्या हातात चहाची किटली. धाकटा येरझाऱ्या घालत होता.

"या, बदकबाई," दादा म्हणाला. त्याच्या परीने ते लाडच होते.

"आलेय," आत्या म्हणाली आणि पाय खुर्चीखाली ओढून घेऊन बसली.

"चिमणीचं दाखवून होऊ दे, मग बोलू," धाकटा म्हणाला.

चिमणी ही त्याची मुलगी. तिशी आली, संख्याशास्त्र शिकून आली, तरी घरात ती चिमणीच राहिली होती. बापलेकीचं म्हणणं सगळ्यांना पाठ होतं: बुटाचा फर्मा बदला. फर्मा म्हणजे ज्यावर चामडं ताणून बूट शिवतात तो लाकडी पाय. वडिलांनी ऐन उमेदीत परदेशातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचे फर्मे विकत घेतले होते, आणि तेव्हापासून इथून निघालेला प्रत्येक बूट त्याच फर्म्यांच्या नकलांवर बेतलेला होता. नकला दादाच्या हातच्या, केसाचाही फरक नसलेल्या. दादाला कारखाना विकायचाही नव्हता आणि फर्मा बदलायचाही नव्हता. धाकट्याने मात्र सरळ सांगून टाकलं होतं, "फर्मा बदलणार नसेल तर मी सही करतो. तोच बूट घेऊन दुकानदारांच्या दारात उभं राहायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही."

म्हणजे आज आत्याची सही झाली की खेळ खलास.

चिमणीने दिवा मालवला. हातातला लॅपटॉप तिने टेबलावरच्या प्रोजेक्टरला जोडला, त्याच्या शेजारी काचेची एक चपटी पेटी ठेवली.

"काका, ही तीच पेटी, जी आपण दुकानांमध्ये ठेवली," ती दादाला म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की विचारायचं, पाय मोजू का? हो म्हटलं तरच मोजायचा. नाव लिहायचं नाही, फक्त आकार. मग त्याने कुठला बूट घेतला, परत आणला का, कशासाठी आणला, पुन्हा दुकानात आला का, हे सगळं बिलाबरोबर इथे येतं."

"आणि लोक ठेवतात पाय?" वहिनीने विचारलं.

"आता ठेवतात. सुरुवातीला नुसता कचरा आला, काकू. दुकानदारांना वाटलं ही करवाल्यांची हेरगिरी आहे. एकाने गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून दिवसभर स्वतःचाच पाय ठेवला. कुठे वीज गेली की मापं गायब. एका दुकानातून तर रोज दुपारी भलताच पाय यायला लागला, इवलासा, चारच बोटांचा. मी बस पकडून गेले. बघते तर काच उबदार लागते म्हणून मांजर येऊन बसायचं."

वहिनी खळखळून हसली. दादाच्याही मिशीत हसू हललं.

"ती मापं काढून टाकली," चिमणी म्हणाली. "त्यानंतर जी उरली ती अशी."

भिंतीवर एक पाय उमटला. नुसती बारीक रेघ. टाच, कडेचं वळण, पाच बोटं. तिच्यावर दुसरी रेघ आली, मग तिसरी. मग त्या मोजता येईनाशा झाल्या. रेघेवर रेघ, पायावर पाय, आवाज न करता येत राहिले. डोंगराकडच्या गावांतले, बंदरावरचे, गिरण्यांच्या वस्तीतले, शाळांतल्या मास्तरणींचे, हमालांचे, म्हाताऱ्यांचे. थंडीत काचेवर श्वासाचा वाफारा धरावा तसं भिंतीवर काहीतरी दाटत गेलं. कडेला विरळ, आतल्या बाजूला दाट, आणि हळूहळू त्या धुक्यातून एकच मोठा पाय दिसायला लागला. त्याला कडा नव्हती. तो किंचित हलतोय असं वाटत होतं, कारण नव्या रेघा अजून येतच होत्या.

"हे आत्ता येतायत?" आत्याने विचारलं. तिचा आवाज आपोआप खाली गेला होता.

"आत्ता. दुकानं उघडलीयत ना. या क्षणी कुणीतरी कुठेतरी पाय ठेवतंय."

आत्या बघत राहिली. एवढी माणसं एका जागी तिने कधी पाहिली नव्हती, आणि इथे तर एकाचंही तोंड दिसत नव्हतं. दाराशी आलेली कारखान्यातली शिवणकामाची बाई तिथेच थबकली होती, तिला कुणी जा म्हटलं नाही.

"आणि हा आपला फर्मा," चिमणी म्हणाली.

त्या धुक्यावर लाल रेघ उमटली. टाचेपाशी ती नीट बसली. पुढे मात्र आत आत जात निमुळती झाली, आणि बोटांच्या जागी दोन्ही बाजूंनी ते पांढरं धुकं लाल रेघेबाहेर सांडलं. थोडंथोडकं नाही, चांगलं ओसंडून.

दादाचे हात गुडघ्यांवर होते, ते तसेच राहिले.

"यंत्राला काय, जे दाखवायचं ते दाखवतं," आतोबा म्हणाले. "मी जन्मभर माल विकला. लोक मुकाट घेत होतेच ना?"

"घेत होते, आतोबा. पण पावलाच्या लांबीपेक्षा एक नंबर मोठा घेत होते. बहुतेक सगळे. हे बघा." तिने दुसरं चित्र लावलं, उजवीकडे, मोठ्या नंबरांकडे, कललेला एक ढिगारा. "लांबीला मोठा घ्यायचा म्हणजे रुंदीला जरा जागा होते. मग पुढचं टोक रिकामं राहतं. कुणी कापूस घालतं, कुणी कागद. परत आलेल्या बुटांमध्ये आम्हाला किती बोळे सापडले म्हणून सांगू! आणि ज्यांनी असा बूट घेतला ते बहुतेक पुन्हा आपल्याकडे फिरकले नाहीत. गिऱ्हाईक स्वस्त मालाने पळवलं असं आपण म्हणतो. पण तो स्वस्त बूट रुंद आहे, आतोबा. लोक तिकडे पैशासाठी जातात त्याहून जास्त पायांसाठी जातात."

आत्याच्या कानात एकच शब्द घुमत राहिला. कापूस. म्हणजे आणखी कुणीतरी घालतं. कुणीतरी कसलं, ढीगभर माणसं घालतात.

ती उठली, टेबलापाशी गेली. "चिमणे, माझा बघ."

"काय?"

"माझा पाय. यात कुठे बसतो ते बघ."

ती वाकली आणि सगळ्यांसमोर बूट काढायला लागली. आतोबा "अगं" म्हणाले, पण तोवर बूट निघाला होता आणि त्यातून चपटा झालेला बोळा घरंगळून जमिनीवर पडला होता. आत्याने तो उचलला नाही. तिने पाय काचेवर ठेवला. खालून उजेड सरकत गेला.

भिंतीवर निळी रेघ आली. आत्याला वाटलं होतं ती कुठेतरी कडेला, एकटी उमटेल. निळी रेघ थेट धुक्याच्या सगळ्यात दाट भागात जाऊन बसली, इतकी नेमकी की चिमणीलाच पुन्हा एकदा नीट बघावं लागलं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "बायकांच्या पायांत याहून जास्त आढळणारा पाय नाही."

आत्याने भिंतीला हात लावला. तिच्या बोटांवर, मनगटावर रेघा पडल्या. आयुष्यभर तिने हा पाय टेबलाखाली, साडीखाली, खुर्चीखाली लपवला होता. आणि एवढ्या सगळ्याजणी! कुठल्या कुठल्या गावांत, प्रत्येकीला वाटत असणार, आपलाच पाय वेडावाकडा. तिला हसू आलं, डोळेही भरून आले, आणि दोन्हींतलं आधी काय आवरावं ते कळेना.

"हे ठीक आहे," आतोबा घसा साफ करत म्हणाले. "पण रुंद बूट खपेल कशावरून?"

इथे चिमणी अडखळली. बापाकडे बघून म्हणाली, "खपलाय. आम्ही थोडे जोड करून तीन दुकानांत ठेवले होते. सगळे गेले. परत जवळजवळ काहीच आलं नाही. आणि नेणारे दुसऱ्या खेपेला घरच्यांना घेऊन आले."

"जोड केले?" दादाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "कुठल्या फर्म्यावर?"

धाकटा येरझाऱ्या घालायचा थांबला.

"बाहेरून करून घेतला, काका," चिमणी म्हणाली. "तुम्ही ऐकलं नसतंत."

दादा उठला. खुर्ची मागे कलंडली, ती वहिनीने सावरली. "माझ्या कारखान्यात, माझ्या पाठीमागे, दुसऱ्याच्या हातचा फर्मा," एवढंच तो म्हणाला आणि खोलीतून निघून गेला.

"झालं!" आतोबा म्हणाले. "मी म्हणत होतो. आता तरी सह्या करा."

धाकट्याने खिशातून पेन काढलं. त्याचा चेहरा पडला होता. "ताई, तू आधी करतेस का मी करू?"

"थांब जरा," आत्या म्हणाली. एका पायात बूट, एक पाय उघडा, तशीच ती भावाच्या मागे गेली.

दादाची खोली अंगणापलीकडे होती. छतापर्यंत टांगलेले लाकडी पाय, खाली भुसा. दादा कामाच्या बाकावर बसला होता. समोर वडिलांनी आणलेल्या मूळ फर्म्यांपैकी एक, हात लागून लागून काळाशार झालेला.

"तू पण विकायलाच आलीयेस ना?" तो न बघता म्हणाला. "कर सही. जा."

"दादा, जरा इकडे बघ."

"काय बघायचंय?"

"पाय बघ माझा."

तिने उघडा पाय बाकावर ठेवला. वयाने सुजलेला, करंगळी आत दुमडलेली, अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलेलं. दादाने आयुष्यात किती पाय हाताळले असतील, पण सख्ख्या बहिणीचा त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला.

"हे बुटाने झालं?"

"हो."

"आपल्या बुटाने?"

"मी दुसरा कुठला घातलाय का कधी?"

दादाने सवयीने गळ्यातली फीत काढली, चवड्याभोवती धरली, मग सोडून दिली. अंगठ्यावरच्या हाडावर त्याने हात ठेवला.

"बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? मला वाटायचं माझाच पाय वाईट."

"आणि मी तुला बदक म्हणत आलो." मग त्याने तो काळा फर्मा उचलला, वर धरला. "बाबांनी यावर सगळं उभं केलं. हा चुकीचा आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

"कोण म्हणतंय म्हण म्हणून? बाबांच्या बाकापाशी जे येऊन बसले तेवढेच पाय त्यांनी पाहिले. मघाशी भिंतीवर जे आलं ते त्यांना कुठून दिसणार होतं? कुणालाच दिसलं नव्हतं, दादा. आपण पहिले."

दादाने फर्मा खाली ठेवला. बाहेर शिलाई यंत्रं चालू होती. तो म्हणाला, "पाहिलंस ना तू, कसं दाटत गेलं ते? मला वाटलं सगळी माणसं येऊन दारात उभी राहिलीयत."

"मलाही तसंच वाटलं."

"बाबा असते तर खुर्ची पुढे ओढून बसले असते." तो उठला. "चल. तो बाहेरचा फर्मा तरी बघू दे कसा केलाय."

खोलीत परतल्यावर दादाने चिमणीपुढे हात केला. तिने घाबरत घाबरत कपाटातून रुंद फर्मा काढून दिला. दादाने तो उलटसुलट फिरवला, टाचेवरून अंगठा नेला.

"चांगला केलाय," तो म्हणाला. "कुणी केलाय त्याला बोलावून घे, मला भेटायचंय. आणि पुन्हा माझ्या पाठीमागे काही करू नकोस. समोर भांड."

"समोर भांडेन, काका," चिमणी म्हणाली आणि रडायला लागली.

"आता रडतेस कशाला? ते पाय परत लाव. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, पोरांचे वेगळे. मला सगळे बघायचेत."

धाकट्याने पेन परत खिशात ठेवलं. आतोबांनी आत्याकडे बघितलं. "आणि तू?"

"मी सही करणार नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही रागवा हवं तर."

ते रागावलेच. परतीच्या वाटेवर गाडीत अवाक्षर बोलले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त मीठ दे, पाणी दे. "म्हातारपणी मला पुन्हा दारोदार फिरायला लावलंस," एवढं एकदा म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. ते वर्ष सगळ्यांनाच जड गेलं. कंपनीने बोली मागे घेतली. जुने फर्मे उतरवून नवे चढवायचे म्हणजे अर्धा कारखाना ठप्प. मापं पाहता पाहता दादाच्या आणि चिमणीच्या लक्षात आलं की एका रुंदीने भागणार नाही, तीन लागतील. त्यावरून काका-पुतणीची भांडणं अंगणापलीकडे ऐकू जायची. पण भांडण दोघांचं समोरासमोर असायचं आणि वहिनी दोघांना एकाच तबकातून चहा न्यायची.

आतोबांना मात्र कुणी समजवायला गेलं नाही. ते एका दुकानात जुना माल उचलायला म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच काचेच्या पेटीपाशी बसले. दुसऱ्या दिवशी चिमणीला फोन: "तुझं ते यंत्र म्हणतं खाणीकडच्या गावांत सगळ्यात रुंद पाय आहेत. मग तिथे माल का जात नाही? इतकी वर्षं मी तिकडे सगळीकडे पाठवतो तीच खोकी पाठवली! सांग, काय पाठवू?" फोन ठेवल्यावर ते आत्याला म्हणाले, "काय विलक्षण प्रकार आहे हा! गावाचं नाव दाबायचं की पाय उभे राहतात." त्या दिवशी ते पोटभर जेवले.

नवे बूट मोठ्या दुकानात लागले त्या आठवड्यात आत्या एकटीच तिथे गेली. तिने आपली ओळख दिली नाही. कोपऱ्यातल्या बाकावर, वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखी बसली. गर्दी बेताची होती. नोकरी करणारी वाटावी अशी एक मध्यम वयाची बाई मैत्रिणीबरोबर आली होती. दुकानातल्या मुलीने तिचा पाय काचेवर घेतला, आत जाऊन जोड आणला. बूट बघून बाईने आधीच कपाळाला आठी घातली, सवयीने दात आवळले, आणि पाय आत सरकवला.

आत्या बाकावर पुढे सरकली.

पाय आत गेला. बाई तशीच क्षणभर बसून राहिली, दुखण्याची वाट बघत असल्यासारखी. मग उभी राहिली. आरशापर्यंत चार पावलं गेली, परत आली, खाली पायांकडे बघितलं.

"कसा आहे?" मैत्रिणीने विचारलं.

"बरा आहे," बाई म्हणाली, आणि पुन्हा आरशाकडे चालत जाता जाता तिने काल ऑफिसात साहेबांनी कुणाला काय सुनावलं ते सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, हातवारे करत परत आली, मैत्रीण हसून हसून बेजार झाली, आणि त्या सगळ्या वेळात तिने एकदाही खाली बघितलं नाही.